ओरखडा आधी, रंग नंतर : लिलावगृहांना खुले पत्र

प्रति,
जुन्या अंतराळ-मालिकांतल्या वस्तूंचे लिलाव करणाऱ्या सर्व लिलावगृहांचे संचालक,
लॉस एंजेलिस, डॅलस, न्यूयॉर्क आणि लंडन

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितो आहे ते माझ्या माणसांसाठी. माझ्या ओळखीतलेच चार-पाच जण गेल्या काही वर्षांत तुमच्या लिलावांत बोली लावायला लागले आहेत. कुणी न्यू जर्सीत असतं, कुणी लंडनजवळ. एक जण तर कोथरूडला बसून रात्रभर जागून बोली लावतो. ही माणसं पैसे बाजूला टाकतात, घरच्यांना समजावतात आणि लहानपणी पडद्यावर पाहिलेली एखादी वस्तू हातात धरता यावी म्हणून तुमच्याकडे येतात. तुम्ही दिलेल्या कागदावर त्यांचा पूर्ण विश्वास असतो. त्या कागदाबद्दलच मला बोलायचं आहे.

मी साच्यांचा माणूस. भोसरीत फायबरग्लासच्या एका कारखान्यात अकरा वर्षं काढली, मग इथे दक्षिण कॅलिफोर्नियात बोटींच्या कामाला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पॅटर्न घासणं, साचा घेणं, जेलकोट मारणं, माल साच्यातून सोडवणं, यात माझा जन्म गेला. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळ-मालिकेशी माझी गाठ पडली ती ऐंशीच्या दशकात, रविवारी सकाळी दूरदर्शनवर. तेव्हा साबणाच्या प्लास्टिकच्या डबीचं झाकण मनगटाच्या झटक्याने उघडता यावं म्हणून मी त्याची बिजागरी कानस मारून सैल केली होती. ती डबी म्हणजे माझा कम्युनिकेटर, मालिकेतलं हातात धरून बोलायचं यंत्र. हाताने वस्तू बनवता येते आणि ती वस्तू बनवणाराही कुणीतरी असतो, हे मला त्या डबीने शिकवलं.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. मी त्यांना काका म्हणतो. काकांनी आतल्या खोलीतून मखमली अस्तराची पेटी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. “बघ रे, तुझ्याच कामातली वस्तू आहे,” म्हणाले. पेटीत ‘स्टार ट्रेक’च्या १९६६ ते १९६९ च्या मूळ मालिकेतली म्हणून विकलेली फेझर, म्हणजे किरण सोडणारं शस्त्र, होती. मोठी, पिस्तुलासारखी मूठ असलेली. अगदी जवळून दाखवायची भारीतली प्रत नव्हे, तर मागे उभ्या असलेल्या माणसांच्या कमरेला लावायची साधी प्रत, असं कॅटलॉगात लिहिलं होतं. काकांनी तिला १४ हजार डॉलर मोजले होते. सोबत प्रमाणपत्र होतं, जाड कागदावर, उठावाच्या शिक्क्याचं.

मुठीच्या वर, डाव्या अंगाला, बोटाच्या पेराएवढा एक ओरखडा होता. कॅटलॉगात त्याचा मोठा फोटो होता आणि खाली ‘चित्रीकरणातील वापराच्या खुणा’ असं लिहिलं होतं. काका त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, “हा बघ, हा तिथलाच.”

मी खिशातलं भिंग काढलं. दहापटीचं भिंग माझ्या खिशात कायम असतं, सवय सुटलेली नाही. वापरात पडलेल्या ओरखड्यात आधी रंग फाटतो. त्याच्या कडा किंचित उचललेल्या, दातेरी दिसतात. तळाशी प्रायमर दिसतो, नाहीतर उघडं फायबरग्लास. इथे तसं काहीच नव्हतं. रंग त्या ओरखड्याच्या तळापर्यंत शांतपणे उतरून बसला होता, कडा गोल होत्या, आणि खाचेच्या एका टोकाला रंगाचा बारीक थेंब साचून वाळला होता. म्हणजे ओरखडा आधी आणि रंग नंतर.

तेवढ्यावर मी काही बोललो नाही. अस्सल वस्तू नंतर कुणी पुन्हा रंगवली असेल, तरीही असं दिसू शकतं. मी काकांची परवानगी घेऊन तिच्या बाजूचे स्क्रू सोडवायला घेतले. तीन सुटले. चौथा फिरेना. पेचकस खाचेत नीट बसत होता, पण हलत काहीच नव्हतं. भिंग लावलं तेव्हा कळलं की तो स्क्रू नव्हताच. तो स्क्रूच्या डोक्याचा ठसा होता, खाचेसकट, अंगाच्याच रेझिनमध्ये ओतला गेलेला आणि वरून चंदेरी रंग लावलेला.

माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. कुणीतरी एका तयार वस्तूवर, तिचे स्क्रू न काढता, सिलिकॉन रबर ओतून साचा घेतला होता. सिलिकॉन रबर फार प्रामाणिक असतं, बोटाचा ठसासुद्धा उचलतं. ज्या वस्तूवर ते ओतलं तिच्यावरचा ओरखडा, तिचा स्क्रू, तिच्यावर ओघळलेला रंग, सगळं त्यात उतरलं, आणि पुढच्या प्रत्येक प्रतीत तेच पुन्हा आलं. काकांच्या फेझरवरचा ओरखडा खराच होता, फक्त तो दुसऱ्या कुठल्यातरी फेझरचा होता. त्या एका साच्यातून निघालेल्या आणखी किती फेझरच्या डाव्या अंगाला तोच ओरखडा असेल आणि त्यांच्यासोबत किती जाड कागद गेले असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

काकांना सांगायला मला फार जड गेलं. ते काही बोलले नाहीत. काकूंनी पेटी उचलून आत नेली.

मग आम्ही पत्र लिहिलं. ज्या लिलावगृहातून ती घेतली त्याचं नाव मी इथे घेत नाही. माझं भांडण एका दुकानाशी नाही, एका रीतीशी आहे. उत्तर आलं ते असं : वस्तू आमच्या तज्ज्ञाने तपासली आहे, प्रमाणपत्र दिलेलं आहे, हरकत घेण्याची मुदत संपली आहे. तज्ज्ञाने काय तपासलं, हे आम्ही विचारलं. ते गोपनीय आहे असं कळलं. ती वस्तू विकायला कुणी आणली, हे विचारलं. तेही गोपनीय. वस्तूचं पोट कुणी उघडून पाहिलं होतं का, या प्रश्नाला उत्तरच आलं नाही.

म्हणून हे उघड पत्र.

संचालक महोदय, प्रमाणपत्र म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा बघून कुणीतरी काढलेला निष्कर्ष म्हणजे प्रमाणपत्र. निष्कर्ष काढणारा, वस्तू विकणारा आणि विकल्यावर दोन्ही बाजूंकडून पैसे घेणारा एकच असेल, तर निदान ज्यावरून निष्कर्ष काढला तो पुरावा तरी उघड्यावर हवा. आज तुम्ही निष्कर्ष विकता आणि पुरावा कपाटात ठेवता. जवाहिऱ्याकडे सोनं घेताना आमच्या आजीसुद्धा कसाचा दगड बघायला मागायच्या.

आता तुम्ही म्हणाल की या वस्तू तपासणं सोपं नसतं. मान्य आहे, अगदी मनापासून मान्य. आमच्या मराठी नाटकवाल्यांच्या भाषेत या सगळ्या ‘प्रॉपर्टी’. प्रयोग संपला की पेटाऱ्यात, पेटारा भरला की भंगारात. ‘स्टार ट्रेक’ १९६९ मध्ये बंद पडली तेव्हा या वस्तूंना कुणी दमडीही दिली नसती. काही कर्मचाऱ्यांच्या घरी गेल्या, काही कचऱ्यात गेल्या, काही कचऱ्यातून वेचल्या गेल्या. नोंदवही कुणी ठेवली नाही. मालिकेचे फेझर, कम्युनिकेटर, ट्रायकॉर्डर (तपासणीचं हातातलं यंत्र) ज्यांच्या हातून घडले ते वाह चँग यांचं नाव तर श्रेयनामावलीतही आलं नाही. ते प्रॉप बनवणाऱ्यांच्या युनियनचे सभासद नव्हते, त्यामुळे वस्तू त्यांनी आधीच बनवून ठेवल्या होत्या आणि स्टुडिओने त्या तयार विकत घेतल्या, असं दाखवावं लागलं. तरुणपणी पोलिओ होऊन पायांना आधाराच्या पट्ट्या लागलेला हा माणूस, डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्रतिमा घडवलेला, आपल्या घरच्या कार्यशाळेत एकेक वस्तू हाताने जुळवत होता. जवळच्या दृश्यांसाठी केलेल्या कम्युनिकेटरमधली ती फिरणारी नक्षी चालवायला त्यांनी स्टॉपवॉचचं यंत्र बसवलं होतं. ज्यांचं नाव त्या वेळी पडद्यावर आलं नाही, त्यांच्या हातची म्हणून आज कुणाच्याही गॅरेजमधला माल विकला जातो. मला याचा राग येतो, आणि तो पैशांपुरता नाही.

काळ हा एकटा साक्षीदार पुरत नाही, हे तुमच्या कॅटलॉगांना कळायला हवं. ‘वस्तूवर पन्नास वर्षांच्या जुनेपणाच्या खुणा आहेत’ असं वाक्य मी तुमच्याकडे कितीदा वाचलं आहे. चाहत्यांनी नकला करायला सुरुवात केली ती सत्तरच्या दशकात. त्या नकलाही आता पन्नाशीच्या झाल्या. त्यांचाही रंग पिवळा पडला, त्यांच्याही बिजागऱ्या गंजल्या, त्यांच्यातल्याही वायरचं आवरण कडक होऊन तडकलं. मात्र त्यांच्यातल्या कितीतरी नकला एका गोष्टीने ओळखता येतात. १९७५ मध्ये एक तांत्रिक आराखड्यांची पुस्तिका छापून निघाली, त्यात या वस्तूंची रेखाचित्रं होती आणि ती मूळ वस्तूंशी सगळीकडे जुळत नव्हती. घरी बसून नक्कल करणाऱ्याकडे दुसरा आधार नव्हता, त्यामुळे पुस्तिकेतली चूक वस्तूत आली. अशी वस्तू पुढे आली तर तिचं वय कितीही असो, ती सेटवर असणं शक्य नाही. त्याच सुमाराला मुलांसाठी जुळवायचे प्लास्टिकचे संचही निघाले होते, आणि ते मूळ आकारापेक्षा लहान होते.

आकाराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. रेझिन आटतं. प्रतीवरून साचा घेतला की नवी प्रत मूळ वस्तूपेक्षा थोडी लहान निघते, आणि प्रतीची प्रत आणखी लहान. व्हर्नियर कॅलिपरने दोन मिनिटांत हे कळतं. वितीएवढ्या वस्तूत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक हा साच्याच्या माणसाला आरडाओरडा वाटतो. तुमच्या कॅटलॉगात लांबी-रुंदी ‘अंदाजे’ असते. अंदाजे का? मापं मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत छापायला एक ओळ पुरते.

धातू, वायर, दिवे हेही बोलतात. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला आणि दुकानात यायला त्या दशकाचा शेवट उजाडला. निळा झगझगीत एलईडी तर नव्वदच्या दशकातला. साठच्या दशकातल्या वस्तूत तांदळाएवढे तारेचे बल्ब सापडायला हवेत. तिथे एलईडी निघाला तर किमान तो भाग नंतरचा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ च्या वस्तूत मेट्रिक आट्याचा स्क्रू निघाला तर तोही नंतरचा. पण ‘नंतरचा’ म्हणजे ‘खोटा’ नव्हे. इथेच माझं तुमच्याकडे सगळ्यात मोठं मागणं आहे. तुम्ही प्रत्येक वस्तूला ‘अस्सल’ हा एकच शब्द चिकटवता, आणि तो शब्द या वस्तूंना पुरत नाही.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतले डालेक, म्हणजे यंत्रासारखे दिसणारे खलनायक, घ्या. रेमंड क्युसिक यांनी आखलेले आणि अक्सब्रिजच्या शॉक्राफ्ट मॉडेल्सने बांधलेले पहिले चार डालेक १९६३ च्या डिसेंबरात पडद्यावर आले. पुढची अनेक वर्षं तेच वापरले गेले, नवे बनले, आणि मधे मधे एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर, तिसऱ्याचा घेर चौथ्याच्या तळावर असं होत राहिलं. तुटलं की जे हाताशी असेल ते बसवायचं. कुठलंही काम करणारं गोदाम असंच चालतं, यात कुणाचा दोष नाही. मग आज तुमच्या दालनात उभा असलेला डालेक ‘१९६३ चा अस्सल’ कसा? त्याचा खांद्याचा पट्टा ६३ चा असेल, घेर पुढच्या एखाद्या वर्षाचा असेल आणि डोकं कुठल्या प्रदर्शनासाठी बनवलेलं असेल. तो डालेक मला तरीही प्यारा आहे, आणि नीट सांगितलं तर घेणाराही त्याची योग्य किंमत देईल. भाग वेगळे करून सांगा. जुन्या वाड्याचं खरेदीखत करताना कुठली भिंत मूळची आणि कुठली नंतरची हे लिहितातच ना.

पडद्यावरच्या चित्राशी वस्तू जुळवून पाहणं हा तुमचा आवडता पुरावा आहे, आणि तो चांगला पुरावा आहे. ‘स्टार ट्रेक’ ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती. ती नव्याने स्कॅन होऊन घराघरांत आली, तेव्हापासून बटणाच्या कडेचा टवकाही दिसू लागला. हाताने बनवलेल्या दोन वस्तू कधी तंतोतंत सारख्या नसतात. एका फेझरचं बटण केसभर तिरकं बसलेलं असतं, एका कम्युनिकेटरच्या जाळीची भोकं कडेला अर्धी कापलेली असतात, आणि ही तिरकी जागा पडद्यावर सापडली की वाद मिटतो. मात्र इथेही काकांच्या फेझरने मला एक गोष्ट शिकवली. साच्यातून आलेल्या नकलेत ती तिरकी जागासुद्धा उतरते. म्हणून आकाराची खूण जुळली तर फक्त एवढंच ठरतं की ही वस्तू त्या वस्तूच्या वंशातली आहे. जी खूण साच्यात उतरू शकत नाही ती जुळली पाहिजे : लाकडाच्या रेषा, कापडाची वीण, रंगाच्या फुटलेल्या कडा, हाताने रंगवलेल्या रेघेचा हलका थरथराट.

ब्रिटिश मालिकांत तर तेही हाती नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं तिथलं चित्र ४०५ रेषांचं. टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, आणि जे उरलं ते बरंचसं पडद्यावरून १६ मिलिमीटर फिल्मवर उतरवून घेतलेलं. १९६६ च्या ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ या कथानकातल्या कारखान्याच्या दृश्यात ओळीने सरकणारे डालेक दाखवायला दुकानात मिळणारी लुई मार्क्स कंपनीची खेळणी वापरली होती. त्या कथानकाचे सहाही भाग पूर्ण स्वरूपात आज उपलब्ध नाहीत. आता समजा तशी दोन खेळणी टेबलावर ठेवली. एक त्या स्टुडिओत सरकलं, दुसरं एखाद्या मुलाने नाताळात खेळलं. कुठलं भिंग, कुठला क्ष-किरण त्यांत फरक सांगणार? ‘स्टार ट्रेक’मध्येही तसंच. पहिल्याच प्रसारित भागासाठी आणलेल्या नव्या धर्तीच्या मीठदाण्या प्रेक्षकांना मीठदाण्या वाटणार नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या, आणि त्यांचीच यानावरच्या डॉक्टर मॅकॉय या पात्राची उपकरणं झाली. त्या काळची तशीच मीठदाणी एखाद्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणली तर ती प्रॉप होत नाही. अशा वस्तूंच्या बाबतीत फक्त एकच गोष्ट बोलते. ती कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, त्याची साखळी. आणि नेमकी तीच तुम्ही ‘गोपनीय’ म्हणून झाकता.

विकणाऱ्याचा पत्ता मला नको. त्याच्या घरी कुणी जाऊ नये, हे मलाही पटतं. पण ‘१९७१ साली वेशभूषा विभागातल्या कर्मचाऱ्याकडून, मग त्याच्या मुलीकडून, त्यानंतर एका संग्राहकाकडून, मधली नऊ वर्षं माहीत नाहीत’ एवढं लिहायला कुणाचं नाव लागत नाही. मधली नऊ वर्षं माहीत नसतील तर तसं लिहा. मोकळी जागा दिसली म्हणून कुणी पळून जाणार नाही. ती जागा झाकली की मात्र आमचा विश्वास उडतो.

थेट स्टुडिओच्या गोदामातून आलं की प्रश्न मिटतो, असं तुमच्यातले काही जण म्हणतात. तसं होत नाही. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिस्टीजने न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओच्याच संग्रहाचा मोठा लिलाव केला, हजाराच्या वर लॉट (विक्रीचे नग) होते, आणि ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या मालिकेतल्या एंटरप्राइझ-डी यानाची प्रतिकृती ५ लाख ७६ हजार डॉलरना गेली. त्याच लिलावात एकाने डेटा या पात्राची पत्ते खेळताना घालायची झापड ६ हजार डॉलरना घेतली आणि सही घ्यायला ती अभिनेते ब्रेंट स्पायनर यांच्यापुढे धरली. ती खरी झापड आपण स्वतःच पूर्वी विकली आहे, असं स्पायनर यांनी त्याला सांगितलं. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाचं कोर्टापाशी. सेटवर एकेका वस्तूचे दोन-तीन जोड असू शकतात, हे मलाही माहीत आहे. पण पैसे देणाऱ्याला त्यातला आपला कुठला, कुठल्या भागात दिसलेला, की कधी न वापरलेला, हे वस्तूबरोबर सांगितलं गेलं पाहिजे. गोदाम कुणाचं हे सांगून ते काम होत नाही.

उलट बाजूचं उदाहरण देतो, कारण नुसती तक्रार करायला मी बसलेलो नाही. मूळ मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाची ११ फुटी प्रतिकृती १९७४ पासून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. मधल्या काळात ती अनेकदा दुरुस्त झाली, रंगवली गेली. २०१४ नंतर तिचं मोठं काम हाती घेतलं तेव्हा त्या मंडळींनी क्ष-किरणांनी तिचं पोट पाहिलं, रंगाचे थर तपासले आणि यानाच्या बशीसारख्या भागाच्या वरच्या बाजूला मूळचा रंग शाबूत आहे हे ठरवून तो तसाच राखला. आणि २०१५ मध्ये त्यांनी लोकांना उघड आवाहन केलं : १९७६ च्या आधीचे या यानाचे फोटो किंवा फिल्म तुमच्याकडे असतील तर द्या. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात ते यान प्रदर्शनाला ठेवलं होतं, तेव्हा सामान्य माणसांनी काढलेले फोटो कामाला आले. जगातलं एवढं मोठं संग्रहालय ‘आम्हाला मदत करा’ म्हणू शकतं. २०१६ च्या उन्हाळ्यात ते यान पुन्हा लोकांसमोर आलं.

दुसरं उदाहरण तर तुमच्याच धंद्यातलं. एंटरप्राइझची सगळ्यात पहिली प्रतिकृती, ते ३३ इंची यान, रिचर्ड डेटिन यांनी १९६४ मध्ये घडवलं होतं. ते निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या टेबलावर असायचं. १९७९ च्या चित्रपटाच्या काळात ते उसनं दिलं गेलं आणि परत आलंच नाही. २०२३ मध्ये ऑनलाइन लिलावात हजार डॉलरच्या सुरुवातीच्या बोलीला ते अचानक दिसलं. ज्यांनी आयुष्यभर त्याचे जुने फोटो न्याहाळले होते त्यांनी ते पाहताच ओळखलं. वस्तू डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सकडे आली, जाणकारांनी तपासली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये रॉडनबेरींच्या मुलाकडे परत गेली. त्या यानासोबत उठावाच्या शिक्क्याचा जाड कागद नव्हता. लोकांच्या डोळ्यांसमोर आलं म्हणून ते ओळखलं गेलं.

माझी मागणी यातूनच निघते. लिलावाच्या दोन महिने आधी प्रत्येक महाग वस्तूची पूर्ण फाईल सगळ्यांना बघता येईल अशी ठेवा. फक्त बाहेरून काढलेला सुंदर, मऊ उजेडातला फोटो नको. झाकण उघडून आतला फोटो हवा, तिरप्या उजेडात पृष्ठभागाचा फोटो हवा, बाजूला मोजपट्टी ठेवलेला हवा. कुठला भाग कधीचा, कुठे दुरुस्ती झाली, पडद्यावरच्या कुठल्या चौकटीशी काय जुळवलं, तपासलं कुणी आणि त्याला लिलावातून वाटा मिळतो का, हे त्यात असू द्या. आम्ही तपासू. आमच्यात साच्याचे लोक आहेत, शिंपी आहेत, घड्याळजी आहेत, जुन्या रेडिओंवर हयात घालवलेले तंत्रज्ञ आहेत. आम्हाला त्याचा मोबदला नको. चूक निघाली तर लॉट मागे घ्या, त्यात कमीपणा नाही.

हरकतीची मुदत काही आठवड्यांची ठेवू नका. साच्याची खूण ओळखणारा माणूस काकांच्या घरी फराळाला यायला पाच महिने लागले. आणि सगळ्यात कळीचं म्हणजे, एखादी वस्तू तुम्ही नाकारली की ती उद्या दुसऱ्या लिलावगृहाच्या दारात उभी राहते. ती नाकारली गेल्याचं दुसऱ्याला ठाऊकच नसतं. निदान तुम्ही चार-सहा मोठी घरं एकत्र येऊन नाकारलेल्या वस्तूंची फोटोंसकट यादी ठेवू शकता. चोरीच्या चित्रांसाठी अशा याद्या आहेतच.

नकला करणाऱ्यांवर माझा राग नाही, हेही सांगतो. मी स्वतः नक्कल करूनच वाढलो. प्रेमाने केलेली नक्कल ही त्या मूळ कारागिराला केलेला नमस्कार असतो. पण नक्कल करणाऱ्याने आतल्या बाजूला आपलं नाव आणि साल घालावं, आणि तुमच्या हाती अशी निनावी नक्कल आली तर परत देण्याआधी ती नक्कल असल्याचं तुम्ही तिच्यावर लिहावं.

काकांना पैसे परत मिळाले नाहीत. कोर्टात जायचं त्यांच्या मनात नाही. मधे एकदा ती वस्तू पुन्हा विकून टाकावी असं घरात कुणीतरी सुचवलं, तेव्हा काका म्हणाले, “मग माझ्या जागी दुसरा कुणीतरी बसेल.” गेल्या महिन्यात ते ती पेटी घेऊन माझ्याकडे आले. मी फेझर उघडली, बारीक बिट लावून मुठीच्या आतल्या भिंतीवर देवनागरीत आणि इंग्रजीत ‘प्रतिकृती’ असं कोरलं, खाली साल घातलं, आणि खाचेत काळा रंग भरला. काकांनी स्वतःच्या हाताने तीन स्क्रू परत बसवले.

आमच्यानंतर कधीतरी ती तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल. डाव्या अंगाला पेराएवढा ओरखडा आहे. उजवीकडचा चौथा स्क्रू फिरत नाही. बाकीचे तीन काढा आणि आत बघा.

आपला,
साच्याचा एक निवृत्त कारागीर
(मूळचा भोसरीचा, हल्ली मुक्काम दक्षिण कॅलिफोर्निया)